पाणी उतरतं तेव्हा

मार्च संपत आला की पुण्या-सोलापूरच्या वर्तमानपत्रांत उजनी धरणाच्या पाणीसाठ्याचा आकडा रोज छापून येऊ लागतो. वीस टक्के, अकरा टक्के, शून्य, आणि मग उणे. धरणाचा मृतसाठाच साधारण ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) असल्यामुळे उपयुक्त पाणी संपल्यावरही तलाव दिसायला तलावच राहतो, फक्त मोजणी शून्याखाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. ऊस जगवायचा असलेल्या माणसाला ही वाईट बातमी आहे, यात वाद नाही. पण हेच आठवडे भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठावर सर्वांत गजबजलेले असतात. बुडालेल्या जुन्या पळसदेवचं मंदिर पाण्याबाहेर येऊ लागतं, त्याच्या आसपासचा गाळ उघडा पडतो आणि त्या गाळाच्या कडेनं लांब पायांचे पक्षी ओळीनं उभे राहतात.

पाणथळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काठोकाठ भरलेला तलाव येतो. सप्टेंबरमध्ये जायकवाडीचा नाथसागर शंभर टक्के भरला की पक्ष्यांचं यंदा भलं होणार असंही म्हटलं जातं. बदकांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक करकोचे, चमचे, शेकाटे, तुतवार, चिखले यांच्या बाबतीत मात्र भरलेला तलाव म्हणजे बंद दार. त्यांना पाणी लागतं ते चार बोटं, वीतभर, फार तर गुडघाभर, आणि तेही रोज थोडं थोडं मागे सरकणारं. माझ्या मते या पक्ष्यांविषयी एकच गोष्ट नीट कळली, तर बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात: ते पाण्यावर जगत नाहीत, पाण्याच्या कडेवर जगतात.

थोडं गणित करू, कारण सगळं मर्म त्यातच आहे. तलावाचा काठ एकास पन्नास उताराचा असेल, म्हणजे पन्नास फूट चाललं की एक फूट खोली वाढत असेल, तर पाणी दोन सेंटिमीटर उतरल्यावर एक मीटर रुंदीची नवी ओली पट्टी उघडी पडते. असा काठ दहा किलोमीटर लांब असेल तर ती एक हेक्टर झाली. अडीच एकर ताजा चिखल, ज्यावर काल कोणाची चोच पोचली नव्हती, आणि उद्या आणखी अडीच एकर. त्याच तलावाचा काठ शेततळ्यासारखा एकास दीड असेल, तर त्याच दोन सेंटिमीटरला उघडी पडते फक्त तीन सेंटिमीटरची रेघ. पाणी दोन्हीकडे तेवढंच कमी झालं. एकीकडे हजारो पक्ष्यांचं जेवण झालं, दुसरीकडे एका टिलव्याचंही होणार नाही.

त्या चिखलात असतं तरी काय? पावसाळ्यात बुडालेलं गवत, गुरांचं शेण, काठचा पालापाचोळा पाण्याखाली कुजत राहतो. त्यावर डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या चिलटांच्या लालभडक अळ्या वाढतात, गांडुळासारखे बारीक कृमी वाढतात, गोगलगायी वाढतात. पाणी खोल आहे तोवर हे सगळं माशांच्या वाट्याला जातं. पाणी उतरलं की पक्ष्यांच्या. आणखी उतरलं की खळग्यांत अडकलेले मासेही त्यांच्याच वाट्याला येतात.

आता हे पाय बघा. बगळा चालताना त्याचा गुडघा मागे वाकतो, असं आपण लहानपणापासून म्हणतो. तो गुडघा नसतो, घोटा असतो. खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत लपलेला असतो. घोट्याखालची जी लांब काडी दिसते ती पावलाची हाडं एकत्र जुळून बनलेली असते, आणि पक्षी जमिनीवर टेकतो तो फक्त बोटांवर. पाय हलवणारे स्नायू जवळजवळ सगळे वर, पिसांच्या आत. खाली उतरतात त्या फक्त कंडरा. म्हणून खालचा पाय इतका बारीक असूनही चालतो. पाणी कापताना त्याचा अडसर होत नाही, चिखलातून उपसताना फार जोर लागत नाही, आणि थंड पाण्यात उभं राहिलं तरी गमावण्यासारखी ऊब त्यात फारशी नसते. वरून येणारं गरम रक्त आणि खालून परतणारं गार रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून जातं, त्यामुळे ऊब वरच्या वरच परत फिरते. डिसेंबरच्या पहाटे नांदूरमधमेश्वरच्या बोचऱ्या थंडीत पोट पिसांत मिटून बगळे तासन् तास पाण्यात उभे राहू शकतात ते यामुळे.

एका पायावर उभं राहण्याचं कोडंही यातच गुंतलेलं आहे. एक पाय पिसांत घेतला की उष्णतेची गळती निम्मी होते, हे एक कारण. दुसरं २०१७ मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या संशोधकांनी दाखवलं: मेलेल्या रोहिताचा देह एका पायावर तोलून ठेवता येतो, कारण त्या विशिष्ट कोनात सांधे वजनाखाली आपोआप स्थिर होतात. दोन पायांवर तोच देह तसा उभा राहत नाही. म्हणजे रोहिताला एका पायावर झोपणं कष्टाचं नाही, उलट सोपं आहे.

काठावर जाऊन कोरड्या जमिनीकडून खोल पाण्याकडे नजर सावकाश न्या. सगळे पक्षी एकत्र मिसळलेले वाटतात, पण ते पट्ट्यापट्ट्यांनी वाटले गेलेले असतात. अगदी वर, ओलसर पण पाणी नसलेल्या चिखलावर कंठेरी चिखल्या. पाय जेमतेम इंचभर, चोच आखूड, डोळे मोठे. तो धावतो, थांबतो, बघतो, टिपतो. त्याला चिखलावरची हालचाल दिसावी लागते, म्हणून त्याला गवत वाढलेला काठ चालत नाही. त्याच्या खाली, जिथे चिखलावर पाण्याचा पातळ थर आहे, तिथे टिलवे. एकसारखी मान खाली घालून, शिवणयंत्राच्या सुईच्या वेगानं टोचत जाणारे. मग तुतवार. त्यांच्याही पुढे, चार बोटं ते वीतभर पाण्यात शेकाट्या.

शेकाट्याचं वजन दोनशे ग्रॅमच्या आत आणि पाय मात्र शरीराच्या मानानं इतके लांब की या बाबतीत फक्त रोहितच त्याच्या पुढे आहेत. लाल-गुलाबी काड्यांवर ठेवलेलं काळं-पांढरं अंग. एवढ्या लांब पायांमुळे जमिनीवरचं काही टिपायचं तर त्याला पुढे पार ओणवं व्हावं लागतं. पोटाखाली वीतभर पाणी असेल तर मात्र सरळ चोचीसमोर अन्न येतं. त्याला मागचं बोट नसतं, त्यामुळे तो झाडावर बसत नाही. बगळ्याला मागचं बोट चांगलं लांब असतं, म्हणून तो दिवसा पाण्यात आणि रात्री बाभळीवर असतो. पायाचं एक बोट बघून पक्षी रात्री कुठे असेल हे सांगता येतं, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

शेकाट्याच्या जोडीला हिवाळ्यात मालगुजा येतो, थेट उत्तरेकडच्या थंड प्रदेशातून. त्याची चोच आठ ते बारा सेंटिमीटर, सरळ, आणि तो ती डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही, कळतं. चोचीच्या टोकाला स्पर्श जाणणारे सूक्ष्म खळगे असतात, आणि सगळी चोच चिखलात घट्ट रुतलेली असताना फक्त टोक उघडून किडा पकडण्याची सोय त्याच्या वरच्या जबड्यात असते. चिखल वाळून कडक झाला की हे सगळं निरुपयोगी. पाणी झपाट्यानं उतरलं आणि ऊन तापलं, तर दोन दिवसांत वरचा थर तडकतो आणि खाली अन्न असूनही मालगुजा उपाशी राहतो. म्हणून पाणी नुसतं उतरून भागत नाही, हळूहळू उतरावं लागतं.

आणखी पुढे, वीत ते दीड वीत पाण्यात, चमचे रांगेनं चालत असतात. चोच अर्धवट उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पाणी घुसळत जायचं, आणि चपट्या टोकांच्या मध्ये काही लागलं की मिटायचं. डोळ्यांचं काम नाही, म्हणून चमचे गढूळ पाण्यातही खातात आणि रात्रीही खातात. चित्रबलाकाचं तंत्र याच जातीचं. तो अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून ठेवतो, एका पायानं तळ ढवळतो, मधूनच एक पंख झटकन उघडतो, आणि बिचकून पळणारा मासा चोचीला लागला की ती मिटते. त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदावर केलेला एक प्रयोग १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. डोळे झाकलेल्या करकोच्यानंही मासे अचूक पकडले, आणि स्पर्शापासून चोच मिटेपर्यंत वेळ मोजला तो सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग. या पद्धतीची अडचण एकच: मासे दाट असावे लागतात. विरळ पाण्यात दिवसभर चोच बुडवून ठेवली तरी स्पर्श होणार नाही. चित्रबलाक उन्हाळ्यात आटत्या पाण्यावर का येतो, हे यातूनच कळतं.

बगळे मात्र बघून मारतात, आणि बघून मारणाऱ्याला प्रकाश फसवतो. सरळ वरून पाहिलं तर पाण्यातला मासा खऱ्या खोलीच्या पाऊणपटीवरच दिसतो. तिरकं पाहिलं तर चूक आणखी वाढते. बगळा झेप घेण्याआधी मान पुढे-मागे करून विशिष्ट कोनात आणतो आणि ती चूक भरून काढतो. त्याच्या मानेचा सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो, तिथेच ती इंग्रजी एस अक्षराची घडी पडते आणि तिथूनच मान भाल्यासारखी सुटते. उडतानाही बगळा ही घडी मोडत नाही. करकोचे, चमचे, सारस, शराटी मान सरळ ताणून उडतात. लांबून, उन्हाविरुद्ध, रंग दिसत नसतानाही एवढ्या एका खुणेवर कूळ ओळखता येतं. लहान बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळी. ती पिवळी बोटं तो पाण्यात थरथरवतो आणि मासळी उठवतो. ढोकरी असं काही करत नाही. ती मातकट होऊन बसून राहते, आणि उडाली की तिचे पांढरे पंख पाहून आपणच दचकतो.

मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मध्ये फट राहते, अडकित्त्यासारखी. म्हणून तो शिंपले फोडून खातो असं सर्रास लिहिलं जातं. तो बहुतेक वेळा फोडत नाही. खालच्या चोचीचं टोक किंचित उजवीकडे वळलेलं असतं. ते तो गोगलगायीच्या झाकणाखाली घालतो, आतला स्नायू कापतो आणि मांस अख्खं ओढून काढतो. तो जेवून गेला त्या जागेवर शंख पडलेले असतात ते पुष्कळदा अभंग. पिल्लांच्या चोचीत ही फट नसते, ती वयानुसार पडत जाते, आणि फट नसतानाही पिल्लं गोगलगायी खातात. तेव्हा फटीचा उपयोग फोडण्यापेक्षा गुळगुळीत, गोल शंख टोकांत पकडण्यासाठी असावा, हे म्हणणं मला पटतं.

सर्वांत खोल पाण्यात रोहित. उजनीवर येतात ते मोठे रोहित, उंची चार ते पावणेपाच फूट, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. मुंबईच्या खाडीत बहुसंख्य असतात ते छोटे रोहित, उंचीला जेमतेम तीन फूट, चोच गडद लाल. दोघंही डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात आणि जिभेच्या दट्ट्यानं सेकंदाला कित्येकदा पाणी आत-बाहेर करतात. चोचीच्या कडांना जाळीदार पटल असतं. मोठ्याचं जाड, त्यात अळ्या, कोळंबीवर्गी जीव, बारीक शिंपले अडकतात. छोट्याचं इतकं बारीक की त्यात निळं-हिरवं शेवाळ अडकतं. म्हणून एकाच चिखलात दोघं शेजारी उभे राहूनही एकमेकांच्या ताटाला हात लावत नाहीत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी यात भर घातली: पाय आपटून, डोकं झटक्यानं वर ओढून आणि चोच कडकडवून रोहित पाण्यात लहान भोवरे तयार करतो आणि पळू शकणारे जीव त्या भोवऱ्यांत ओढून घेतो. गाळणं हे त्याचं अर्धंच कौशल्य.

रोहित महाराष्ट्रात जेवायला येतो, घर करायला नाही. घर कच्छच्या मोठ्या रणात. तिथल्या वसाहतीची पाहणी डॉ. सालिम अली यांनी १९४५ मध्ये केली होती. चिखलाचा उंचवटा, वर एकच अंडं, महिन्याभराची उबवण, आणि पिल्लाला आई-बाप दोघांच्याही अन्ननलिकेत तयार होणारं लाल दूध. पिल्लाची चोच सरळ असते, गाळायची यंत्रणा नंतर तयार होते. तिथेही प्रश्न खोलीचाच. पाणी कमी पडलं की कोल्हे चालत वसाहतीत शिरतात; जास्त झालं की उंचवटे विरघळतात. ज्या वर्षी रणात पाऊस नेमका होत नाही, त्या वर्षी वीण होत नाही.

चित्रबलाक मात्र आपल्याकडे वीण करतो, आणि त्याचं वेळापत्रक पाहिलं की उतरत्या पाण्याविषयीची शंका राहत नाही. राजस्थानात भरतपूरला तो पावसाळ्याच्या शेवटी घरटी बांधतो, कारण तिथली उथळ तळी तेव्हाच माशांच्या पिल्लांनी भरतात. इंदापूर तालुक्यात तो उन्हाळ्यात बांधतो. भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर आणि इंदापूर गावातल्या जुन्या चिंचांवर त्याच्या वसाहती आहेत, आणि दोन्ही उजनीच्या पाण्यावर पोसतात. अंडी दोन ते चार, महिनाभर उबवण, त्यापुढे पिल्लू उडेपर्यंत दोन महिने. म्हणजे पिल्लांची भूक सर्वांत मोठी असते तेव्हाच उजनी उणेमध्ये असते आणि चिलापीची पिल्लं खळग्यांत कोंडलेली असतात. धरण नसतं तर इथे त्या ऋतूत ही वीण जमली असती असं मला वाटत नाही.

पाण्यातल्या बाभळीवर घरटं का, हेही बघण्यासारखं आहे. झाडाखाली पाणी असेल तोवर मांजर, मुंगूस, कुत्रं वर येत नाही. पडलेलं पिल्लू वाचत नाही, पण वरची वाचतात. पाणी आटलं की संरक्षण गेलं. इंदापूरच्या चिंचा कोरड्या जमिनीवर आहेत, तिथे ते काम माणसांची वर्दळ करते. खाली माणसं, वर मासळीचा वास आणि विष्ठेचा सडा; हे सगळं सोसणाऱ्या गावाचं मला मनापासून कौतुक वाटतं. कर्नाटकात कोक्करे बेळ्ळूर या गावानं हेच पिढ्यान् पिढ्या केलं आहे.

एप्रिल-मेच्या उन्हात घरट्यावर उभा असलेला करकोचा पंख अर्धे पसरून पिल्लांवर सावली धरतो, आणि स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतो. पायांवरून पाणी उडून जातं आणि रक्त गार होतं. करकोच्यांचे पाय उन्हाळ्यात पांढुरके दिसतात ते आजारामुळे नव्हे. याच सवयीमुळे करकोच्यांना ओळखीची कडी घालायची ती घोट्याच्या वर घालतात. खाली घातली तर विष्ठेचा थर कडीत साचून घट्ट होतो आणि पायाला इजा होते.

शेकाट्याची वीण याहून उघडी. एप्रिलपासून पाण्याच्या कडेला किंवा उथळ पाण्यातल्या ढेकळावर खळगा, काड्यांची वाटी, चार मातकट ठिपकेदार अंडी. नर-मादी आळीपाळीनं सुमारे पंचवीस दिवस बसतात. चाळीस अंशांच्या पुढे अंडी उबवायची नसतात, गार ठेवायची असतात. म्हणून जोडीतला एक पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतो, येऊन अंड्यांवर बसतो, थोड्या वेळानं पुन्हा जातो. टिटवीही हेच करते. काठावर माणूस उभा राहिला की दोघं ओरडत डोक्यावर फिरत राहतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात. काही मिनिटांत आतला जीव शिजू शकतो. छायाचित्रासाठी घरट्याजवळ रेंगाळणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. शेकाट्या पंख मोडल्याचं सोंग करत तुमच्या पुढे लंगडत असेल, तर घरटं पायाखाली आहे असं समजून आल्या पावलांनी मागे फिरावं.

पाणी हळूहळू चढलं तर शेकाटे घरट्याखाली काड्या-चिखल घालून अंडी वर उचलतात. पण वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं आणि रात्रीत फूटभर पाणी वाढलं, की काही करता येत नाही. नांदूरमधमेश्वर हा मुळात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा बंधारा, शतकापूर्वीचा, गाळानं भरत आलेला, म्हणूनच उथळ, आणि म्हणूनच २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. पण त्याची पातळी पावसावर कमी आणि वरून सोडलेल्या पाण्यावर जास्त अवलंबून असते. आवर्तनाच्या तारखा शेतीसाठी ठरतात, ठरायलाच हव्यात. एकदम सोडायचं पाणी चार दिवसांत टप्प्यानं वाढवलं तर पिकाचं बिघडत नाही आणि घरटी उचलायला वेळ मिळतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरी अडचण गाळपेराची. पाणी मागे हटलं की उघड्या गाळावर मका, कडवळ, टरबूज पेरलं जातं. धरणात जमीन गेलेल्यांचा त्यावर हक्कच आहे. मात्र कडेला घातलेलं घरटं पाणी हटल्यामुळे महिन्याभरात कडेपासून दूर पडतं, आणि नेमकं तेव्हाच तिथे ट्रॅक्टर येतो. शेकाट्या आणि आर्ली हा काठावरचा पक्षी, यांची अंडी ढेकळांच्या रंगाची असतात, सीटवरून दिसत नाहीत. नांगरण्याआधी एकदा पायी फेरी मारली, ओरडणारी जोडी कुठल्या जागेवर पुन्हापुन्हा उतरते ते पाहून तिथे काठी रोवली आणि चार-पाच पावलांचा तुकडा तीन आठवडे सोडला, तरी पुष्कळ अंडी वाचतात. पाण्यात वडाप या प्रकारची बारीक आसाची जाळी ओढली जातात ती वेगळी. ती बोटाएवढी पिल्लंही उचलतात. त्यात मच्छीमाराचं पुढच्या वर्षीचं आणि चित्रबलाकाचं या वर्षीचं, दोन्ही जातं.

खाडीवर हे सगळं दिवसातून दोनदा घडतं. ठाणे खाडीत धरणाचा दरवाजा नाही, चंद्र आहे. १९९० च्या दशकापासून इथे रोहित मोठ्या संख्येनं येऊ लागले, २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव गेलं. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, त्यावर पक्षी इतके लांब पांगतात की किनाऱ्यावरून गुलाबी रेघ तेवढी दिसते. पूर्ण भरतीला चिखल नाहीसा होतो आणि पक्षीही. पाहायचे तर भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर, पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत असताना किंवा नुकतं मागे सरत असताना. त्यासाठी कोळ्यांचा हिशेब पुरतो: तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराला. सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तासभर इकडेतिकडे होतं, पण शिवडीला जायचं की ऐरोलीची बोटफेरी धरायची, एवढं ठरवायला हा हिशेब चालतो.

भरतीच्या वेळी हे हजारो पक्षी कुठे जातात, हा प्रश्न मात्र फार कमी लोक विचारतात. ते नवी मुंबईतल्या आणि भांडुपच्या बाजूच्या उथळ तळ्यांत जाऊन उभे राहतात. चिखल हे जेवणघर, ही तळी विश्रांतीची जागा. एक राखून दुसरं बुजवलं तर राखलेलंही वाया जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येणं थांबलं, तलाव सुकला, आणि रोहित सैरभैर होऊन वस्तीत शिरले, काही मेले. त्याच मे महिन्यात रात्रीच्या वेळी घाटकोपरवरून जाणाऱ्या थव्याला विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. हे पक्षी घड्याळावर नव्हे, भरतीवर चालतात आणि रात्रीही ये-जा करतात. आसपासचं कुठलंही बांधकाम, तारा, दिवे ठरवताना हे गृहीत धरायला हवं.

आता गावतळ्यांबद्दल, कारण तिथे आपल्या हातात खरंच काही आहे. सुशोभीकरण म्हणजे बहुतेकदा चारी बाजूंनी दगडी पिचिंग, वर जॉगिंग ट्रॅक, मध्ये कारंजं. पाणी स्वच्छ दिसतं, कड नाहीशी होते. शेततळ्यात ५०० मायक्रॉनचा कागद आणि एकास दीडचा उतार, तिथे शेकाट्याला पाय टेकता येत नाही. शेततळं पक्ष्यांसाठी नसतंच, ते ठीक. पण गावतळ्याचा गाळ काढताना चूक टाळता येते. भिंतीच्या बाजूला खोदा, ती बाजू मुळातच खोल असते. ओढा जिथून तळ्यात शिरतो ती सपाट बाजू सोडा. तळ्याचा निदान तिसरा हिस्सा एकास वीसहून सौम्य उताराचा राहू द्या. जेसीबीनं काठ ताशीव उभा करून ठेवला की भिजून ढासळतो आणि गाळ पुन्हा आतच येतो, म्हणजे खोलीकरणाचंही नुकसान. मध्ये एक-दोन मातीचे उंचवटे, भरलेल्या पाण्याच्या हातभर वर राहतील असे, मिळाल्यास सोन्याहून पिवळं. त्यांवर झाडं लावू नका, शेकाट्या-आर्लीला उघडी जमीन हवी. उलट पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या बाभळी तोडू नका, तिथे बगळे, करकोचे घरटी करतात. काठावर बेशरम माजली असेल तर ती मुळासकट काढा, नुसती छाटली तर फांदी पडेल तिथे रुजते आणि दोन वर्षांत सगळी उथळ पट्टी झाकून टाकते.

गोंदिया-भंडाऱ्याकडचा सारस याच कडेचा सर्वांत उंच रहिवासी. उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागतो, आणि उडणाऱ्या पक्ष्यांत त्याच्याहून उंच कोणी नाही. त्याची उथळ पट्टी म्हणजे धानाची बांधी आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या कडा. दोनच अंडी, पाण्यातल्या गवताचं मोठं घरटं, आणि पिल्लं जगली तर बहुधा एक. गोंदियात शेतकऱ्यांनी घरट्यापुरता धान न कापता सोडायला सुरुवात केली, म्हणून तो आज तिथे आहे. विजेच्या तारा मात्र अजूनही त्याला मारतात. एवढा मोठा पक्षी जमिनीलगत सावकाश वर चढतो आणि तारेच्या उंचीवर असताना त्याला वळता येत नाही. तलाव आणि बांधी यांच्या मधून जाणाऱ्या तारांना ठळक खुणा लावणं किंवा त्या जमिनीखालून नेणं, हे काम वीज कंपनीच्या खर्चात फार मोठं नाही.

उजनीवर पाहायला जायचं तर फेब्रुवारी ते मे, सकाळी दहाच्या आत, सूर्य पाठीशी ठेवून. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. कुंभारगावचे नावाडी कडा ओळखतात; त्यांना जवळ घ्या म्हणू नका. रोहितांच्या थव्यात आधी एखाददुसरी मान वर येते, मग सगळ्या माना वर येतात, मग थवा एका दिशेला चालू लागतो, आणि त्यानंतर उडतो. सगळ्या माना वर आल्या की होडीची बल्ली थांबवायची. चालू लागले तर मागे घ्यायची. उडालेला थवा पुन्हा खाली बसून चोच पाण्यात घालेपर्यंत बराच वेळ जातो, आणि मेच्या उन्हात, कच्छपर्यंतच्या प्रवासाच्या तोंडावर, त्यांना तो वेळ जेवणासाठी हवा असतो.